न मोजलेलं शून्य

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. मुलुंड (पूर्व)

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काल निवेदन काढलं आहे. दहा राज्यांतल्या तेरा तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम झाला, आणि ती सगळी बायहार्ट नावाच्या कंपनीची दूधपावडर पीत होती. सगळ्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं, सगळ्यांना औषध मिळालं, एकही दगावलं नाही. बातमी दोनदा वाचली. आजवर बॉट्युलिझम म्हटलं की आम्ही आयांना मधाबद्दल बजावत आलो. दूधपावडरीच्या मागे इतकी बाळं एकदम आजारी पडल्याचं मी तरी पहिल्यांदाच वाचलं.

हे त्यांना कळलं कसं, हे जास्त महत्त्वाचं वाटलं. या आजारावरचं बाळांसाठीचं औषध त्या देशात एकाच ठिकाणाहून येतं: कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य खात्याकडून. कुठल्याही गावात एखादं बाळ लुळं पडलं आणि डॉक्टरला शंका आली की फोन तिथेच जातो, रात्री-अपरात्रीसुद्धा. वय काय, काय पितं, मध दिला होता का, ही चौकशी प्रत्येक बाळामागे होते. सगळे कागद एकाच टेबलावर येतात, म्हणून एकाच पावडरीचं नाव फार वेळा येतंय हे तिथल्या माणसांच्या नजरेत भरलं.

दुपारी समोरच्या सोसायटीतल्या वहिनी आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी सनीव्हेलला निघाल्या आहेत, विमान २० तारखेचं. सामानाची यादी घेऊनच आल्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, सहाण, आणि बाळगुटीचा डबा: मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम. यादीत सगळ्यात शेवटी मध. महाबळेश्वरहून मुद्दाम आणवलेला, पाऊण किलोची बाटली.

"पहिल्या दिवशी चाटवायचा असतो ना, डॉक्टर. सोन्याची अंगठीसुद्धा काढून ठेवलीय."

म्हटलं, वहिनी, अंगठी न्या, मध नको. बाळ वर्षाचं होईपर्यंत बोटालाही लावायचा नाही. गुटीही नको, मधातून तर नाहीच.

"अहो, माझी तिन्ही मुलं गुटीवर वाढली."

त्यांचं खरं आहे. मीही गुटीवर वाढले. मधाच्या प्रत्येक बाटलीत बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू नसतात, आणि असले तरी प्रत्येक बाळाच्या आतड्यात रुजत नाहीत. पण कुठली बाटली आणि कुठलं बाळ हे आधी सांगता येत नाही, आणि मधावाचून तान्ह्याचं काहीच अडत नाही. बाटली फेकायचीही गरज नाही. वहिनींना आणि बाळंतिणीला तो चालतो. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले जंतू या पाहुण्याला जागाच देत नाहीत.

त्यांना पटलं की माझा मान राखून गप्प बसल्या, सांगता येत नाही. जाताना विचारलं, "मध उकळून दिला तर?" तरीही नको. हे बीजाणू शंभर अंशांच्या उकळीला तासन्‌तास दाद देत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते.

१० नोव्हेंबर, सोमवार

दर सोमवारप्रमाणे लुळेपणाचा साप्ताहिक अहवाल पाठवला. शून्य.

नव्या रिसेप्शनिस्टने विचारलं, "मॅडम, काहीच नाही तर पाठवायचं कशाला?" तिला बसवून सांगितलं. पोलिओ हटवायला निघालेल्या देशाला नुसत्या रोग्यांची गणती पुरत नाही. १५ वर्षांखालचं कुठलंही मूल अचानक लुळं पडलं, मग कारण काहीही वाटो, ते कळवायचं. चोवीस तासांच्या अंतराने शीचे दोन नमुने घ्यायचे, लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. नमुने बर्फात ठेवून परळला जातात, हाफकिनच्या आवारातल्या विषाणू प्रयोगशाळेत. आणि ज्या आठवड्यात असं मूल आलं नाही, त्या आठवड्यात 'आलं नाही' हेही कळवायचं. म्हणजे त्या शून्यामागे कुणीतरी खरोखर पाहिलेलं असतं. हावड्यातल्या मुलीला १३ जानेवारी २०११ रोजी झालेला पोलिओ हा नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा देशातला शेवटचा ठरला, तो अशा हजारो शून्यांच्या जोरावर. मार्च २०१४ मध्ये आपल्याला प्रमाणपत्र मिळालं, तरी शून्य कळवणं थांबलेलं नाही.

कालची बातमी डोक्यात होती म्हणून असेल, लिहिताना वाटलं: मुंबईत तान्ह्यांच्या बॉट्युलिझमचंही शून्यच आहे. पण ते शून्य कुणी मोजलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बायहार्ट कंपनीने आता सगळाच माल परत मागवला आहे. आज संध्याकाळी ओपीडी कमी होती. जुनी टिपणं काढून बसले.

क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा मातीतला जंतू. हवा लागली की वाढत नाही. बीजाणूच्या कवचात वर्षानुवर्षं पडून राहतो. मोठ्यांचा बॉट्युलिझम शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच कळला होता: १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, त्यांतले काही दगावले, आणि व्हॅन एर्मेन्गेम यांनी त्या मांसातून जंतू शोधून काढला. तिथे विष अन्नातच तयार झालेलं होतं. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी आहे हे समजायला १९७६ साल उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात काही लुळी बाळं आली. त्यांच्या अन्नात विष नव्हतं, शीमध्ये होतं. बाळाने गिळलेले बीजाणू त्याच्या आतड्यात रुजले होते आणि विष तिथेच तयार होत होतं. स्टीफन अर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं, आणि अर्नन यांनी पुढचं सगळं आयुष्य याच आजाराला दिलं.

त्या आधी हा आजार नव्हता का? होता. बाळं तेव्हाही लुळी पडत होती, कार्डावर दुसरंच काहीतरी लिहिलं जात होतं.

विष काय करतं तेही लिहून ठेवते, २३ तारखेला घाटकोपरला नव्या बालरोगतज्ज्ञांपुढे बोलायचं आहे. मज्जातंतूच्या टोकाशी असेटिलकोलीनच्या बारीक पिशव्या असतात. त्या फुटल्या की स्नायूला हुकूम पोचतो. पिशवी तंतूच्या भिंतीशी जोडणारी जी प्रथिनं, त्यांनाच हे विष कापून टाकतं. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, मधला निरोप बंद. कापलेलं टोक दुरुस्त होत नाही, नवं टोक फुटावं लागतं. अंधेरी-लोखंडवालाच्या त्वचा दवाखान्यांत कपाळावरच्या आठ्यांसाठी जे इंजेक्शन देतात त्यात हेच विष असतं, अत्यंत थोडं आणि मोजून दिलेलं. तीन-चार महिन्यांनी त्याचा परिणाम ओसरतो, तोही याच कारणाने. बाळाच्या बाबतीत मात्र मात्रा कुणी मोजलेली नसते, आणि गिळण्याचे, श्वासाचे स्नायू मधे येतात.

आतड्याचे स्नायू सगळ्यात आधी मंदावतात, म्हणून पहिली तक्रार शी न होण्याची. नंतर डोळे, चेहरा, घसा. मग मान, हात, पाय. वरून खाली, दोन्ही बाजूंना सारखं. ताप नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडुपहून आलेलं बाळ. मुलगा, साडेतीन महिन्यांचा, पहिलाच. बरोबर आई आणि आजी. आईने तोंड उघडायच्या आत आजी म्हणाल्या, "आठ दिवस झाले, शी नाही. गुटीत हिरड्याचे वेढे वाढवले तरी नाही."

गुटी कशातून देता?

"मधातून. नाहीतर कडू लागते ना."

कानावर पडलेलं पहिलं वाक्य निदानाला दावणीला बांधतं. पण मध दिला म्हणून आजार झाला असं होत नाही, आणि मध दिला नाही म्हणून तो नाही असंही होत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक बाळांच्या पोटात मध गेलेला नसतो. बीजाणू कुठून आला हे बहुतेकदा सापडत नाही, धूळ-मातीवर संशय ठेवून पुढे जावं लागतं.

आईला विचारलं, दूध कसं ओढतो? "ओढतो, पण दमतो. मधेच झोपतो." रडणं? "घोगरं आहे जरा." मान? आई गप्प. आजी म्हणाल्या, "धरत होता की. आता धरत नाही."

हे वाक्य खरं असेल तर घाई करायला हवी. धरत असलेली मान आठ दिवसांत सुटली, तर ते बाळ आजच्या आज अतिदक्षता विभागाच्या दाराशी असायला हवं.

टेबलावर निजवून बाळाच्या पापण्या कळत नाहीत. आडवं बाळ डोळे उघडे ठेवू शकतं. मावशींना पाठीशी उभं केलं, त्यांनी डोक्याला हात देऊन बाळ उभं धरलं. पापण्या पडल्या नाहीत. सुजलेल्या होत्या, पण पडलेल्या नव्हत्या. मग ट्यूब बंद केली, पडदा ओढला, आणि टॉर्च घेऊन बसले. बाहुलीवर उजेड टाकला की ती आक्रसते हे सगळेच पाहतात, आणि एकदा पाहून पुढे जातात. बॉट्युलिझमची बाहुली पहिल्या एक-दोन वेळा चांगली आक्रसू शकते. थकते ती नंतर. म्हणून उजेड टाकायचा, काढायचा, परत टाकायचा, असं दोन-तीन मिनिटं न थांबता. आईला वाटत असतं डॉक्टर काय करतायत. बाळ कुरकुरतं, डोळे मिटतं, पुन्हा उघडेपर्यंत थांबायचं. या बाळाची बाहुली शेवटच्या वेळी पहिल्याइतकीच झटकन आक्रसली. दोन्ही डोळ्यांत.

करंगळी तोंडात दिली. ओढ मंद होती, पण होती, आणि मिनिटभराने कमी झाली नाही. घशाशी स्पर्श केल्यावर उमासा आला. रडताना कपाळावर आठ्या पडल्या, ओठ वाकले. बॉट्युलिझममध्ये चेहरा कोरा होतो, बाळ जागं असून चेहऱ्यावर काही उमटत नाही. अशा बाळाला 'शांत आहे, गुणी आहे' म्हणणारी घरं पुस्तकांतही नोंदलेली आहेत.

जे दिसलं ते वेगळं होतं. जीभ मोठी, ओठांबाहेर डोकावणारी. कातडी गार आणि कोरडी. बेंबी फुगलेली. गुडघ्यावर ठोकलं तर पाय उडाला, पण खाली यायला वेळ लागला.

आजींना पुन्हा विचारलं, मान नक्की धरत होता? आईने पर्समधून मोबाईल काढला. "दिवाळीचा व्हिडिओ आहे, मॅडम." लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा. आत्याने बाळाला उचललंय, मागे आकाशकंदील, मान मागे गेलेली, आत्या हाताने सावरतेय. बाळ रडलं. तोच घोगरा आवाज. तीच जीभ. मान त्याने कधी धरलीच नव्हती. आजी खोटं बोलत नव्हत्या, नातवाची मान त्यांच्या हातावर कायम धरलेलीच असायची.

अचानक आलेलं आणि हळूहळू चालत आलेलं, हा फरक फोनवरच्या त्या अर्ध्या मिनिटाने सांगितला. नाहीतर तेवढ्यासाठी मी दिवसभर कागद लिहीत बसले असते. थायरॉइडचं रक्त पाठवलं. शीसाठी ग्लिसरिनची बत्ती. मध बंद, गुटी बंद, फक्त अंगावरचं दूध. रात्री दूध ओढायचं थांबलं, आवाज बसला किंवा श्वास उथळ वाटला तर मला फोन न करता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, हे आईकडून दोनदा वदवून घेतलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टीएसएच शंभरच्या वर. टी-४ जवळपास नाहीच. जन्मजात थायरॉइड कमी.

औषध आजच सुरू केलं. छोटी गोळी, चमच्यात आईच्या दुधात चिरडून, सकाळी उपाशीपोटी, रोज. आई रडली. आजींनी विचारलं, "मधामुळे झालं का हो?" नाही, मधामुळे नाही. हे स्वच्छ सांगणं गरजेचं होतं, नाहीतर ती बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती. मध तरीही बंदच, आणि का बंद तेही सांगितलं.

या गोळीची खरी वेळ जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे. भारतात हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा आजार असतो. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावर तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळला असता. साडेतीन महिने मेंदूला हार्मोन मिळालं नाही, त्याची थोडीफार झळ राहील. किती, ते बाळ वाढेल तसं दिसेल. या चाचणीवर स्वतंत्र लिहायला हवं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शुक्रवारपासून मनात एकच घोळतंय. त्या बाळाची बाहुली थकली असती तर मी काय केलं असतं?

पहिलं पाऊल ठरलेलं आहे. श्वासाचं यंत्र असलेल्या बालरुग्ण अतिदक्षता विभागात बाळ हलवायचं. या आजारातून बाळं वाचतात ती मुख्यतः यंत्रावरच्या श्वासावर आणि नळीतून दिलेल्या दुधावर, अनेक आठवडे. सोबतच्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरांत लिहायचं: जेंटामायसिन, अमिकासिन देऊ नये. लुळं, दूध न ओढणारं तान्हं बाळ दिसलं की आमच्याकडे पहिला संशय रक्तातल्या जंतुसंसर्गाचा, आणि पहिली सुई बहुतेकदा याच औषधांची. ही औषधं मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा तोच निरोप आणखी अडवतात. बाळाचा श्वास बंद पडू शकतो.

पाठीतलं पाणी काढलं तर स्वच्छ येईल. स्नायूंच्या विद्युत तपासणीत तंतूला सेकंदाला वीस ते पन्नास वेळा चेतवलं तर बॉट्युलिझममध्ये स्नायूचा प्रतिसाद वाढत जातो. ते यंत्र मुंबईत मिळतं, तान्ह्यावर हे करू शकणारी माणसंही आहेत. पण दुखणारी तपासणी आहे, आणि ती पुरावा देते, शिक्कामोर्तब करत नाही.

शिक्कामोर्तब शीवरच. आणि शीच तर होत नसते. मग निर्जंतुक पाण्याचा एनिमा. पाण्यात जंतुरोधक मिसळलेलं नको, नाहीतर जंतू वाढणार नाही. वाटाण्याएवढी शी आली तरी पुरते. ती थंड ठेवायची. प्रयोगशाळेत तिचा अर्क उंदराच्या पोटात टोचतात. एका उंदराला नुसता अर्क, दुसऱ्याला 'ए' प्रतिविषासह, तिसऱ्याला 'बी' प्रतिविषासह. जो जगतो तो विषाचा प्रकार सांगतो. उंदीर चार दिवसांपर्यंत पाहावे लागतात. तोवर औषध रोखून धरायचं नसतं. डॉक्टरच्या संशयावरच ते सुरू करायचं, हे अर्नन आयुष्यभर सांगत आले.

औषध म्हणजे ते कॅलिफोर्नियाचं प्रतिविष. लस टोचलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून बनवलेलं, २००३ साली मान्यता मिळालेलं. २००६ साली त्याच्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले: १२२ बाळं, औषध मिळालेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ५.७ आठवड्यांवरून २.६ आठवड्यांवर आला. किंमत चाळीस हजार डॉलरच्या पुढे. हे औषध तंतूला आधीच चिकटलेलं विष काढत नाही, रक्तात फिरणारं अडवतं. म्हणजे प्रत्येक दिवसाला किंमत आहे.

आता ती वाटाण्याएवढी शी. बाळ अचानक लुळं पडलेलं, म्हणून पोलिओसाठी दोन नमुने नियमाने परळला गेले असते, बर्फासकट, गाडीसकट, नोंदणी क्रमांकासकट. तिथे पोलिओचा विषाणू शोधतात. न सापडला तर उत्तर येतं: पोलिओ नाही. त्या उत्तराने देशाचं काम झालं. बाळाचं राहिलं.

बॉट्युलिझमचं विष देशात कधी शोधलंच गेलं नाही असं नाही. १९९६ च्या सप्टेंबरात गुजरातमधल्या एका निवासी शाळेत मुलं आजारी पडली, तीन दगावली. दिल्लीच्या एम्समधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी उरलेली शेव तपासली. बेसनाची, साधी. तिच्यात बॉट्युलिझमचं विष बनवणारा क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम सापडला. या जातीचा जंतू असं विष बनवू शकतो हे जगाला त्याच्या दहा वर्षं आधी इटलीतल्या दोन तान्ह्या बाळांनी दाखवून दिलं होतं. रोममधल्या बाळांमुळे मिळालेलं ज्ञान गुजरातेत उपयोगी पडलं, कारण तिथे कुणीतरी शेवेची पिशवी जपून ठेवली आणि कुणीतरी हवा वगळून वाढवणारी ताटली मांडली.

२३ नोव्हेंबर, रविवार. घाटकोपर

नव्या बालरोगतज्ज्ञांची सकाळची सभा. तासभर दिला होता, मी वीस मिनिटांत स्लाइड संपवल्या आणि बाहुली करून दाखवली. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. बाळ उभं धरायचं आणि टॉर्च तीन मिनिटं सोडायची नाही, हे हाताने केलं की राहतं.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, इतका दुर्मीळ आजार शिकून ओपीडीत उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. तिला भांडुपचं बाळ सांगितलं. बॉट्युलिझमसाठी केलेली तपासणी बॉट्युलिझम नसलेल्या बाळालाही उपयोगी पडते. थायरॉइड, मज्जारज्जूतला आनुवंशिक आजार, जंतुसंसर्ग, मायस्थेनिया, सगळ्यांची वाट याच पाचेक मिनिटांतून जाते. जीभ वळवळते का, ताप आहे का, बाहुली थकते का, आईच्या फोनमध्ये महिन्यापूर्वीचा व्हिडिओ आहे का. आणि दुर्मीळ म्हणजे किती, हे इथे कुणी मोजलेलंच नाही.

सभेनंतर एक वैद्य मित्र भेटले. त्यांच्या दवाखान्यात दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन असतं. असे फलक आता बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत दिसतात, आणि त्यात सुवर्णभस्म तूप-मधातूनच देतात. मी सरळ विचारलं, वर्षाखालच्या मुलांचं काय करता? ते म्हणाले, "ग्रंथात मध आहे, हे मी नाकारणार नाही. पण माझ्याकडे वर्षाखाली देत नाही. आईबाप रागावून दुसरीकडे जातात." मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. परंपरेतलं काय ठेवायचं आणि काय थांबवायचं हे परंपरा जाणणाऱ्याने सांगितलं तर घरात ते लवकर पोचतं. आम्ही सांगितलं की आजी म्हणतात, डॉक्टरांना काय कळतंय.

त्यांना जपानची गोष्ट सांगितली. तिथे १९८७ पासून सरकारी सूचना आहे: वर्षाखाली मध नाही. तरी २०१७ साली टोकियोत सहा महिन्यांचं बाळ गेलं. घरच्यांनी प्रेमाने फळांच्या रसात मध घालून दिला होता. अमेरिकेतही २०१८ साली टेक्सासमध्ये चार बाळं आजारी पडली, मध भरलेल्या चोखण्यांमुळे. तीस-चाळीस वर्षं सांगूनही सांगणं संपत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भांडुपचं बाळ आलं. दोन आठवड्यांची गोळी पोटात गेली आहे. शी एक दिवसाआड, विनाबत्ती. आवाज मोकळा झालाय, खोलीबाहेरून ऐकू आला. दूध ओढताना दमत नाही, वजन वाढलंय. मान अजून डुगडुगते. कातडी ऊबदार. आजींनी सांगितलं की मधाची बाटली शेजारच्या खोकलेवाल्या आजोबांना देऊन टाकली. उत्तम.

सनीव्हेलहून वहिनींचा फोन. नात झाली, तीन किलो. "इथल्या नर्सनेही घरी सोडताना तेच सांगितलं हो. वर्षभर मध नाही." त्यांच्या आवाजात आता शंका नव्हती. डबा उघडलाच नाही म्हणाल्या, लाडू मात्र निम्मे संपले.

७ डिसेंबर, रविवार

आमच्या संघटनेच्या उपनगर शाखेला द्यायचं पत्र आज पुरं केलं. मसुदा इथे उतरवून ठेवते, म्हणजे बैठकीत मुद्दे सुटणार नाहीत.

पोलिओसाठी लुळ्या मुलांचे नमुने गोळा करण्याची यंत्रणा या शहरात उभी आहे. माणसं आहेत, बर्फाचे डबे आहेत, फॉर्म आहेत. मागणी एवढीच की मूल वर्षाखालचं असेल तर त्याच वेळी शीचा तिसरा, छोटा नमुना वेगळ्या बाटलीत घेतला जावा, आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एका सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने तो बॉट्युलिझमसाठी स्वीकारावा. फॉर्मवर तीन ओळी वाढवाव्यात: शी किती दिवस नाही, मध किंवा गुटी दिली का, बाहुली तीन मिनिटांनी कशी. वर्षभराने आकडा शून्य आला तरी चालेल. ते पाहून आलेलं शून्य असेल.

प्रतिविषाबद्दलचा परिच्छेद जास्त वेळ घेऊन लिहिला. प्रत्येक जिल्ह्यात साठा ठेवा असं मी म्हणणार नाही, या किमतीत ते होणारही नाही. पण संशय आला तर कुणाला फोन करायचा, आयातीची परवानगी रातोरात कोण देणार, पैसे कुठल्या खात्यातून जाणार, हे आधी कागदावर हवं. मज्जारज्जूच्या आजारावरच्या महागड्या औषधांसाठी आईबापांना लोकांपुढे हात पसरताना आपण पाहिलं आहे. इथे तेवढा वेळ नसतो, पहिले काही दिवसच मोलाचे. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून प्रतिविषं बनवण्याचं ज्ञान कित्येक दशकांचं आहे, त्यांचा सल्लाही घ्यावा असं सुचवलं आहे.

शेवटी प्रसूतिगृहांसाठी एक साधी विनंती. घरी सोडण्याच्या कार्डावर, लसीकरणाच्या तक्त्याच्या वर, ठळक ओळ: 'बाळ एक वर्षाचं होईपर्यंत मध देऊ नका, चाटवूही नका.' मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दूत. घाटकोपरला गुजराती लागेलच.

बैठक १४ डिसेंबरला आहे. सचिवांकडे पंधरा मिनिटं मागितली आहेत. टॉर्च बरोबर नेणार.